चौसष्टचं माप आणि न उठणारे पाहुणे

माझी नात अपूर्वा लहानपणापासून अशीच. भांडं दिसलं की आधी विचारणार, "आजी, यात किती मावते?" दूध मग पिणार. आता ती आदिलाबादेत घरी बसून संगणकाचं कर्नेल लिहिते. कर्नेल म्हणजे संगणकाच्या घरातला कारभारी. कोणाला किती जागा द्यायची, ते तो पाहतो.

तिला हैदराबादला नोकरी चालून आली. तिचा बाप, माझा सुधाकर, म्हणाला, "रविवारी चिंतामणीकाका येऊन राह्यले. ते उठेपर्यंत तुहं यंत्र नीट चाललं तर जाय. नाई तर आपल्या दुकानात बस."

चिंतामणी माझे धाकटे दीर, बेल्लमपल्लीचे. पायात चप्पल घातल्यावरही उंबऱ्यात तासभर बोलणारा माणूस.

रविवारी दीर आले तसा अपूर्वानं आपलं कर्नेल चालवणारा तळहाताएवढा बोर्ड टीव्हीला जोडला. पाहुणे येऊन किती वेळ झाला, ते पडद्यावर दिसू लागलं. पोहे झाले, चहा झाला, तास उलटला. अन् घड्याळ एकदम शून्यावर!

"पाहा," दीर हसले, "यंत्र म्हणते आमी आत्ताच आलो. वनमाला, आण पोहे!"

माझी सून खरंच उठली. सुधाकर म्हणाला, "झालं. उद्यापासून दुकान."

पोरीनं कपाळावर हात मारला. "आजी, माप चुकलं! आकड्यांसाठी मी मापं बांधली, एका खोलीत शून्य नाई तर एक: आठ खोल्यांचं, सोळाचं, बत्तीसचं, चौसष्टचं. घड्याळाला चौसष्टचं दिलं. पण चौसष्टचं नाव मी ज्या भांड्याला दिलं, ते माह्या मोठ्या संगणकात चौसष्टचं, अन् या बोर्डात बत्तीसचंच. भरलं की पुन्हा शून्य."

"माहेरची पायली अन् सासरची पायली," मी म्हणाले. "नाव एकच, दाणे वेगळे."

"तेच!"

तिनं भांडं बदललं. खाली एक राखणदार ओळही घातली: माप खोटं निघालं तर कर्नेल तयारच होऊ नये. घड्याळ नव्यानं सुरू झालं. अन् नेमके तेव्हाच, जन्मात पहिल्यांदा, दीर आपणहून चप्पल शोधू लागले.

पोरीचं तोंड एवढंसं झालं. पाहुणे आत्ताच गेले तर घड्याळ तासापुढं टिकते, हे बापाला दिसणार कसं?

"भाऊजी," मी म्हणाले, "वांग्याचं भरीत करून राह्यली. तसेच जाता?"

"काऊन जाऊ?" ते बसले.

मी वाढत राहिले. एक भाकर, अजून एक. मघा जिथं शून्य झालं होतं, तिथं घड्याळ आलं, अपूर्वानं डोळे मिटले, अन् ते बिनबोभाट पुढं गेलं. सुधाकरचा घास हातातच.

"जाय बाई हैदराबादला," तो म्हणाला. "पण काका उठल्यावर. बोली तशीच होती."

दीर उंबऱ्यात चप्पल घालून बोलत उभे होते. घड्याळ तेही मोजत होतं.