डिंभ्याच्या ओसरलेल्या पाण्यातून

आमची शेती अवसरीकडे. ऊस, कांदा, घरातला नळ, सगळं घोडनदीच्या जिवावर. तरी ही नदी वरच्या अंगाला कशी आहे, ते मी कधी पाहिलं नव्हतं. यंदा उन्हाळ्यात डिंभे धरणातून कालव्याला पाणी सुटलं, पिकांचं भरणं उरकलं आणि सवड मिळाली. मोटारसायकल काढून निघालो.

मंचर ते घोडेगाव रस्ता चांगला आहे. घोडेगावातच मिसळ खाऊन घ्या. डिंभ्याच्या पुढे पोटभर मिळेलच असं नाही. एसटी असते, पण तिच्या भरवशावर राहू नका. धरणात पाणी फार खाली गेलं होतं. डोंगरांच्या पायथ्याशी उघड्या मातीचे पट्टेच्या पट्टे दिसत होते.

तळेघरच्या वाटेवर एका ठिकाणी पलीकडच्या वाडीला जाणारी होडी लागली होती. नावाड्याने माणशी वीस रुपये सांगितले. गाडी काठावर लावून हौस म्हणून बसलो. होडीत किसनमामा नावाचे म्हातारे आडवे झाले होते, डोकं बायकोच्या मांडीवर. ही बायको म्हणजे हौसामावशी. दवाखान्यात आता घरीच ठेवा म्हणून सांगितलंय, असं त्या हळू आवाजात म्हणाल्या. रस्त्याचा वळसा लांबचा, जीपचे हादरे मामांना सोसले नसते.

वाडी समोर दिसत असतानाच होडी गाळात रुतली. धरणातून खाली पाणी सोडलंय, त्यामुळे काठ रोज लांब जातो, असं नावाडी म्हणाला. मामांना चादरीच्या झोळीत घेऊन नावाडी आणि मी चालू लागलो. पाय पोटरीपर्यंत आत जात होते. मावशी पुढे होऊन घट्ट जमीन चाचपत होत्या.

मध्येच मामांनी थांबायला सांगितलं. गाळातून एक जुना बांध वर आला होता.

"हे आमचं खाचर," ते म्हणाले. "बापासंगं भात लावलाय हितं."

आम्ही त्यांना बांधावर टेकवलं. मावशींना ते बरं वाटलं नाही. ऊन उतरत होतं. मामा मात्र माझ्याकडे बघत होते.

"तुमी कुठलं, पावणं?"

"अवसरीचा."

"पाणी पोचतं ना तिकडं?"

"पोचतं, मामा."

"मग लई बेस झालं," असं म्हणून त्यांनी डोळे मिटले. त्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

त्यांच्या घरी पोचल्यावर मावशींनी कोरा चहा केला. मग हंडा उचलून त्याच गाळातून पुन्हा पाण्याला निघाल्या. मी हंडा मागितला, तर रोजचंच आहे म्हणाल्या. निघताना त्यांचा फोन नंबर घेतला.

भीमाशंकरपर्यंत जायचा बेत होता, पण तिथूनच माघारी फिरलो. घरच्यांना फोटो दाखवले, डोंगर सगळ्यांना आवडले. मामांचं मात्र मी लगेच कुणाला सांगितलं नाही.

पुढे एकदा फोन केला. मामा गेले होते.

"एवढं थोरलं धरण," मावशी म्हणाल्या, "आन दहाव्याला पाणी हंड्यातनं न्यावं लागलं. काठावरच्या नेमाच्या जागी थेंब न्हवता."

मग त्यांनीच विचारलं, "तुमचं पीक कसं हाय?"

चांगलं आहे म्हणालो. पीक खरंच चांगलं होतं.