पोलीस दारात आले तर

बन्नीमंटपच्या मैदानावर सकाळी फिरायला एक आजोबा येतात. आमच्यासारखेच म्हैसूरचे जुने मराठी. नाव मी कधी विचारलं नाही. परदेशी पाहुणा दिसला की ते त्याला गाठतात. "तुमच्याकडे पोलीस कुणाला न्यायला घरी आले, तर आधी काय म्हणायचं?" मग कानामागे हात धरून उत्तर ऐकतात.

एक जर्मन पोरगी म्हणाली, "कारण विचारायचं. घटनेतच आहे."

एक इंग्रज म्हणाला, "आमची घटना एका पुस्तकात नाही. पण कारण आम्हीही विचारतो."

"आजोबा, हा हक्क आपल्याही घटनेत आहे की," मी म्हटलं.

"ठाऊक आहे रे. पण पुतण्याला न्यायला आले, तेव्हा माझ्या तोंडून कानडीतच निघालं, 'बन्नी सार, या, बसा, आधी कॉफी घ्या.' जीप गेल्यावर पेले विसळताना आठवलं, कारण विचारायचं राहिलंच."