रेषेच्या टोकाला

भुजंग मास्तरांना मुलं मागून फक्कीमास्तर म्हणायची. अंबडजवळच्या आमच्या शाळेत ते खो-खो शिकवायचे. कुणाच्या डोक्याला मार बसला, तर डॉक्टरांनी सांगितलेली विश्रांती संपल्यावरही ते त्याला लगेच खेळू देत नसत. मैदानावर फक्कीची वीस पावलांची रेषा आखायची, अंगठ्याला टाच लावत तिच्यावरून चालवायचं, मग डोळे मिटून एका पायावर उभं करायचं. मी गणिताचा मास्तर, घड्याळ धरायचं काम माझं. या परीक्षेचा आम्हाला भलताच अभिमान होता.

१९९१ साली नववीतली सत्यशीला सरावात खांबावर आदळली. पंधरा दिवसांनी परत आली, तेव्हा जिल्ह्याचे सामने चार दिवसांवर होते आणि तिच्याशिवाय आमच्या संघात काही दम नव्हता.

"बिलकुल बरी हाय मी, सर," ती म्हणाली.

रेषेवरून ती अशी चालली की पाय केसभरही ढळला नाही. एका पायावरही मजेत उभी राहिली. मास्तरांनी पुन्हा एकदा रेषेवरून चालायला सांगितलं. या खेपेला रेषा संपल्यावर मागे न वळता ती तशीच सरळ वर्गात निघून गेली. आम्हाला तो तिचा रुबाब वाटला. मी टाळ्या वाजवल्या, याची आज लाज वाटते.

सामन्यात खांबाला वळसा घेताना ती कोसळली आणि डोकं पुन्हा आपटलं. जीव वाचला, पण पुस्तक उघडलं की अक्षरं हलू लागायची. शाळा सुटली ती सुटलीच.

तिला बघायला आम्ही शेतावर गेलो, तर तिची आई झुंबरबाई डोक्यावर दोन घागरी घेऊन अरुंद बांधावरून येत होती. मास्तर जागीच थांबले.

"पोर रोज इथून पाणी आणायची, अन् मी तिला रेषेवर चालवलं! खो-खोत सरळ चालतंय कोण?"

मास्तर स्वतः शेतकऱ्याच्या घरातले, पण आधी सुचलं नाही. मलाही नाही. पुढे ते मुलांना खांबाभोवती फिरवायचे, शिट्टीवर गर्रकन वळवायचे, वर पाढे म्हणायला लावायचे. मुलं वैतागायची. मास्तर ऐकत नसत.

२००२ मध्ये अंबडच्या बसस्थानकावर सत्यशीला भेटली. मास्तरांनी विचारलं, "चक्कर येते का गं अजून?"

"वळलं, वाकलं की येते, सर. त्या दिवशी बी येऊन राह्यली होती. रेषेच्या टोकाला तुम्ही 'वळ' म्हणता का काय, म्हणून धडधडत होतं. तुम्ही म्हणलाच न्हाईत. मंग मी तशीच पुढं गेले."

"सांगायचं नाही का, बाई?"

"खेळायचं होतं ना, सर."

तिची बस लागली. निघताना पदर सावरून ती मास्तरांच्या पाया पडायला लागली, तसे ते चार माणसांत ओरडले, "वाकू नको! सत्यशीला, वाकू नको!"