दाराच्या चौकटीवरच्या टिकल्या

ज्योतीचा, म्हणजे माझ्या भावजयीचा फोन आला तेव्हा मी हेमंतवर चिडलेलीच होते. सकाळीच त्याचा मेसेज आला होता... ‘ताई, ठेच्यात मीठ जास्त.’ बस, एवढंच! मानेखाली अंग न हलणारा माणूस, डोकं इकडेतिकडे हलवून पडद्यावरचं एकेक अक्षर गाठतो, आणि एवढी मेहनत घेऊन लिहितो काय, तर तक्रार! आता गेले की चांगली सुनावते, असं मनाशी घोकत मी भाजी चिरत होते. छातीतला कफ वाढून त्याला दवाखान्यात नेल्याचं ज्योतीनं सांगितलं आणि तिच्या आवाजावरून पुढचं मला कळलं. माझ्या धाकट्या भावाशी माझं भांडण तसंच अर्धवट राहिलं.

हेमंत म्हणजे आमच्या नवागामच्या गल्लीतला डिझाइनवाला. वडील धुळ्याकडून लूमवर कामाला आले, हा मात्र संगणक शिकला आणि पांडेसऱ्याच्या एका प्रिंट मिलसाठी साड्यांचे काठ, पदर, बुट्ट्या काढू लागला. हात सोन्याचा होता. मग एका उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, बायको नको म्हणत असताना, अडकलेला पतंग काढायला हा बाप्या शेजारच्या पत्र्यावर चढला. पत्रा फुटला, मानेचं हाड मोडलं. पतंग कोणाचा होता, तर शेजारच्याचा! मला आजही त्या पतंगाचा राग येतो.

पुढचं सगळं ज्योतीनं काढलं. भरवणं, कूस बदलणं, पाठीला जखम होऊ नये म्हणून तेल-पावडर... आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे सल्ले ऐकणं. कोणी बारडोलीकडच्या मालिशवाल्याचं नाव सांगायचं, कोणी नवस. कोणी त्याच्यासमोरच विचारायचं, ‘याला कळतं का सगळं?’ हेमंत म्हणायचा, ‘तुमच्यापेक्षा जास्त.’ उपचार केंद्रातल्या एका मुलीनं त्याला तो डोक्यानं चालणारा माउस दाखवला. पडद्यावर एक छोटा कॅमेरा बसतो, कपाळावर चमकणारा ठिपका चिकटवायचा; डोकं हलेल तसा पडद्यावरचा बाण हलतो, आणि जरा थांबलं की क्लिक होतं. सोबत आलेले ठिपके लवकरच संपले. ज्योतीनं आपल्या पाकिटातली चंदेरी टिकली काढून त्याच्या कपाळाला लावली, तर बाण मजेत पळायला लागला. गल्लीत हसं झालं. याला त्याचं काही नव्हतं. हा टिकली लावून बसायचा आणि आम्हालाच ओरडायचा की उजेडात उभ्या राहू नका.

मिलच्या शेठनं एक साडी करून बघायला दिली, तेव्हापासून तर त्याच्या अंगात आलं. ही साडी पसंत पडली तर काम पुन्हा सुरू, नाही तर कायमचं बंद, हे त्याला माहीत होतं आणि घरातल्या भांड्यांनाही माहीत होतं. मी म्हटलं, ‘अरे, तू नुसतं सांग, कोणीतरी माउस धरेल.’ तर म्हणे, ‘ताई, हात नको लावू. मी करस.’ वेलीचं एक पान काढायला सकाळची दुपार व्हायची. बघून माझाच जीव वर-खाली व्हायचा. वाटायचं, ओढून घ्यावं आणि करून टाकावं एकदाचं.

साडी पाठवायच्या आदल्या दिवशी आमची फुई आली, वडिलांची बहीण. पोराचं काम कौतुकानं बघायला ती त्याच्या खुर्चीमागे वाकून उभी राहिली. फुईची टिकली म्हणजे रुपयाएवढी, वर खडे. कॅमेऱ्यानं हेमंतला सोडलं आणि फुईला धरलं! फुई मान डोलावतेय, बाण धावतोय, हिरव्या वेलीवर लाल रंग सांडतोय, हेमंत ओरडतोय, त्यानं घाबरून फुई आणखी मान हलवतेय. माझे यजमान मदतीला धावले, माउस धरला, काहीतरी दाबलं आणि ते सगळं वाटोळं तसंच साठवून बंद केलं. हेमंत त्या दिवशी जेवला नाही. शेठकडून कशीबशी मुदत मागितली आणि पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात.

दुसऱ्या दिवसापासून नियम झाला. खोलीत येणाऱ्या बाईनं टिकली काढून दाराच्या चौकटीला लावायची, मगच आत यायचं. फुई भडकली. ‘मना नवरा जित्ता शे, अन् मी टिकली काढू?’ हेमंत आतून शांतपणे म्हणाला, ‘मंग मी मनी काढस. तू ये, तू काम कर.’ फुई पाय आपटत गेली, पण चार दिवसांनी आली तेव्हा चौकटीशी थांबून तिनं टिकली काढली. हळूहळू गल्लीतल्या सगळ्याच बायका काढू लागल्या. कोणी परत लावून न्यायची, कोणी विसरायची. साडी पसंत पडली, छापून आली. आम्ही डोळे पुसतोय तर हा म्हणतो, हिरवा गडद झाला. पहिली साडी मात्र फुईलाच द्यायला लावली. म्हणाला, ‘तिनी बी मेहनत शे त्यामा.’

दहाव्याच्या दिवशी फुई तीच साडी नेसून आली होती. बायकांत कुजबुज सुरू झाली आणि शेवटी फुईनंच ज्योतीला म्हटलं, ‘पोरी, आते कपाळवरनी टिकली काढ.’ माझं डोकं फिरलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात ज्योतीच बोलली. आवाज अजिबात चढवला नाही तिनं. ‘फुई, त्यास्ना कामकरता मी रोज टिकली काढी. आते काम बंद शे. आते कसाले काढू?’

फुई बराच वेळ पदराचा काठ बोटांनी चाचपत बसली. मग आतली चादर आणायला म्हणून उठली. चौकटीशी थांबली, सवयीनं टिकली काढून लावली आणि आत पाऊल टाकलं. समोर रिकामी खुर्ची. तिथेच ती खाली बसून ढसाढसा रडली. टिकलीचा विषय त्यानंतर कोणी काढला नाही.

आता ज्योतीच्या घरी रंगकाम निघालंय. भिंती रंगवा, चौकटीला हात लावू नका, असं तिनं रंगाऱ्याला बजावलंय. मला तिथे जायचं म्हणजे नकोसं होतं, आणि गेल्याशिवाय राहवतही नाही. ठेच्यातलं मीठ आता मीच कमी करते. कॅमेरा कधीचा बंद आहे, वर धूळ बसली आहे, हे मला दारातूनच दिसतं. तरी दाराशी गेलं की हात कपाळाकडे जातो. स्वतःवरच चिडते, त्याच्यावर चिडते... आणि टिकली काढून चौकटीला लावते, मगच आत जाते. नाहीतर ओरडायचा.