पाणी कुणी घातलं

पोराच्या काँप्युटरमध्ये पाणी फिरतं, असं मी कऱ्हाडकडं आमच्या गावात सांगितलं तर लोक हसले. पण फिरतं. सांगलीत त्याच्या घरी काचेची पेटी आहे. आत निळं पाणी नळ्यांतून जातं, तापलेला भाग गार करतं आणि पंख्यासमोरच्या जाळीत स्वतः गार होतं. मी जन्मभर नदीवर डिझेल इंजिन चालवलं. तेच काम, फक्त ह्याला दिवे जास्त.

घरांचे नकाशे काढून पोरगं पोट भरतं. दसऱ्यानंतर ती पेटी तापून बंद पडायला लागली. चालू केली की थोड्या वेळात पुन्हा बंद. काम अडलं. जिथनं घेतली त्या दुकानदाराला त्यानं फोन लावला आणि माझ्यादेखत म्हणाला, "वडलांनी पूजा केली ओ. हळदकुंकू पाण्यात टाकलं असणार. जुनी माणसं, काय बोलायचं."

दुकानदार हसला. ते हसणं मला फोनाबाहेर ऐकू आलं.

खंडेनवमीला मी पूजा केली हे खरं. विळा, खुरपं, पाना मांडला, तशी त्या पेटीलाही बाहेरून बोटं लावली, झेंडू ठेवला. टोपण उघडलं नाही. यंत्राच्या पाण्यात हळद घालायला मी येडा नाही. पण चौथीत शाळा सोडलेला बाप घरात असला की दुसरा चोर कुणी शोधत नाही.

"उघड," मी म्हणालो.

"आबा, तुमाला त्यातलं कळत न्हाई."

"नसूदे कळत. हळद घातली म्हणतोस न्हवं? मग काढून दाव."

त्यानं चिडून नळी सोडली. सुनेनं खाली पातेलं धरलं. पाणी आलं ते पिवळं नव्हतं, निळंही धड नव्हतं. फिक्कं, दुधाळ होतं. मग त्यानं तापणाऱ्या भागावरचा तांब्याचा तुकडा खोलला. आत दोऱ्याएवढ्या फटी, त्यांतून पाणी जायचं. सगळ्या पांढऱ्या क्षारानं बुजलेल्या. बोअरच्या पाण्यानं न्हाणीतल्या बादलीला धरतो, तोच थर.

"हळद पांढरी कवापासनं झाली रं?"

सून म्हणाली, "अहो, उन्हाळ्यात पाणी कमी झालं म्हणून तुम्हीच बोअरचं तांब्यानं घातलंत. मी म्हटलं, दुकानातलं आणा. तर म्हणालात, ट्रॅक्टरला चालतं, ह्याला काय धाड भरलीय."

"तू गप बस," तो तिच्यावर खेकसला.

त्यानं तो तुकडा लिंबूफुलाच्या पाण्यात भिजवून जुन्या ब्रशनं घासला, नळ्या धुतल्या, विकतचं निळं पाणी भरलं, बुडबुडे निघेस्तोवर पेटी आडवी-उभी केली. मग ती चालली ती बंद पडली नाही.

"झालं सुरू. चला, जेवा आता."

"दुकानदाराला फोन लाव. सांग, बापानं कायबी घातलं न्हवतं."

"आवं, तो कवाच इसरला आसंल."

"मी न्हाई इसरलो."

लावला फोन. म्हणाला, "काय नाही, बोअरचं पाणी गेलं होतं चुकून."

"कुणी घातलं ते सांग," मी म्हणालो.

त्यानं फोन ठेवला.

मी ताट सरकवलं, पिशवी उचलली आणि कऱ्हाडची एसटी धरली. आता सूनच फोन करते. म्हणते, मामंजी, सोडा की. मी म्हणतो, बाई, तुझ्यावर राग न्हाई. त्यानं मला परक्या माणसापुढं येडा ठरवलं. त्याच माणसाला स्वतःचं नाव सांगंल, तवा सांगलीला यीन. तोवर त्याचं घर त्याला लखलाभ.