आमच्या घराचं भाडं

घर भाड्याने द्यायचं बायकोने सुचवलं तेव्हा मी भांडी विसळत होतो. भांडीवाल्या बाईंना आम्ही आधीच नाही म्हटलं होतं, त्यामुळे संध्याकाळची भांडी माझ्याकडे होती.

"आपण हे घर भाड्याने देऊ," ती म्हणाली.

मला वाटलं, ती चिडून काहीतरी बोलतेय. "आणि राहायचं कुठे?"

"मागच्या गल्लीत. कारखान्याच्या वर एक खोली रिकामी आहे. आज येताना चौकशी केली मी."

ती चिडलेली नव्हती. त्या दिवशी तिच्या शाळेत बँकेच्या वसुलीवाल्याचा फोन आला होता. ती एका बालवाडीत शिकवते. फोन मुख्याध्यापिकाबाईंनी उचलला आणि रिसीव्हर हिच्या हातात दिला. समोर चिमुरड्यांचा वर्ग, आणि कानात कुणीतरी विचारतंय, मिस्टर कुठे लपलेत. ते तिने मला सांगितलं, पण रडली नाही. मला तर ती रडली असती तर बरं वाटलं असतं.

क्रेडिट कार्डांची गोष्ट मोठी नाही. मी ज्या कंपनीच्या गोडाऊनमध्ये हिशेबाला होतो, ती कंपनी गोडाऊन उचलून दुसऱ्या राज्यात गेली. आम्हाला हिशेब चुकता करून घरी पाठवलं. दुसरी नोकरी मिळायला वर्ष सरत आलं. तोवर किराणा कार्डावर, मुलीच्या क्लासची फी कार्डावर, एका कार्डाचं बिल दुसऱ्या कार्डावर. घरातलं सोनं आधीच गहाण पडलं होतं. पडघ्याच्या बाजूला नवी नोकरी लागली ती कमी पगाराची, आणि तेव्हा कळलं की आपण भरतोय ते सगळं व्याजातच जातंय.

काटकसर तर आम्ही केव्हाच सुरू केली होती. स्कूटर विकली. पेपर गेला, केबल गेली. रविवारचं मटण गेलं, मग चिकन गेलं, अंडी राहिली. कुकरमध्ये एकावर एक तीन डबे लावून बायको एकाच वेळी सगळं शिजवायची, म्हणजे गॅस जास्त दिवस पुरेल. मी शेअर रिक्षा सोडून धामणकर नाक्यापासून घरापर्यंत चालत यायला लागलो. एवढं करून महिन्याच्या शेवटी बाकी तेवढीच. माणूस दमतो तो काम करून नव्हे, काम करून काहीच हललं नाही की दमतो.

फ्लॅट माझ्या वडिलांच्या निवृत्तीच्या पैशांतून घेतलेला. विकायचा विचार मी केला होता. बायकोने तो एका वाक्यात संपवला. "विकलं तर या जन्मात परत घेणं होणार नाही."

मग बँकेत दोन-तीन खेपा घातल्या. कार्डं बंद करायची आणि उरलेल्या रकमेचे कमी व्याजाने हप्ते बांधून घ्यायचे, असं ठरलं. हप्ता पगारातून निघणारा नव्हता. घराच्या भाड्यातून निघणारा होता.

मागच्या गल्लीतली ती खोली आमच्या इमारतीच्या बरोबर पाठीला होती. खाली पॉवरलूमचा कारखाना, वर तीन खोल्या. मालकीण एक वयस्क मुसलमान विधवा, इथल्याच जुन्या कोकणी घराण्यातल्या. खालचे माग एकेकाळी त्यांच्या नवऱ्याचे होते, आता दुसऱ्यांना चालवायला दिलेले. सगळी गल्ली त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणायची, आम्हीही तेच म्हणू लागलो.

खोली दाखवताना त्यांनी खिडकीतून बाहेर बोट केलं. "त्या समोरच्या बिल्डिंगमदी तुमचा घर हाय ना? मी बगते ना तुमाला गॅलरीत. मग हितं कशाला येता?"

मी काहीतरी सांगायला तोंड उघडलं. डागडुजी काढलीय, असलं काहीतरी. पण बायको आधीच बोलली. "कर्ज झालंय, खाला. ते घर भाड्याने देऊन फेडायचंय."

खालांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "डिपॉझिट नको मंग," त्या म्हणाल्या. "पण पाणी सकाळी येतंय, तवा उठून भरायचा. मी कुनाचा पाणी भरनार न्हाय."

आमच्या घरात एक तरुण जोडपं आलं. तो हायवेवरच्या एका गोडाऊनमध्ये सुपरवायझर, ती घरीच. कपाट, सोफा आणि दिवाण त्यांनाच वापरायला दिले, कारण खोलीत ते मावणार नव्हते. आम्ही गाद्या, भांडी, शिलाई मशीन आणि मुलीची पुस्तकं घेऊन आलो. हातगाडीच्या दोन फेऱ्या झाल्या. मुलगी तेव्हा अकरावीत होती. ती गाडीच्या मागे-मागे चालत आली.

मागांचा आवाज आम्हाला नवीन नव्हता. इथे कुणालाच नसतो. पण तो गल्लीतून ऐकणं वेगळं आणि त्याच्यावर झोपणं वेगळं. जमीन सतत थरथरायची. पाण्याच्या पेल्यात बारीक वर्तुळं उठायची. दोन्ही शिफ्ट चालायच्या, त्यामुळे रात्र-दिवस फरक नव्हता. आम्ही तिघं ओरडून बोलायला शिकलो. मुलीला कॉलेजात मैत्रिणी म्हणायला लागल्या, अगं, आमच्याशी भांडतेस का? शुक्रवारी कारखाने बंद असले की इतकं शांत व्हायचं की आम्हाला एकमेकांशी काय बोलावं तेच सुचायचं नाही.

खिडकीतून आमची गॅलरी दिसायची. तिथे दुसऱ्यांचे कपडे वाळत असायचे. पहिल्या आठवड्यात बायको तिथे सारखी बघायची. त्यांनी तुळशीला पाणी घातलं नाही, त्यांनी दांडी वाकवली. एका सकाळी मी पाहिलं तर खिडकीला तिने जुन्या साडीचा पडदा लावला होता.

भाडं आलं की त्याच दिवशी हप्ता जायचा. आमच्या हाताला ते पैसे लागायचेच नाहीत. त्यात कधी ते कमी पडायचे. एकदा भाडेकऱ्याचा फोन आला, बाथरूमचा पाइप फुटलाय, खालच्यांच्या छतातून पाणी गळतंय. मी प्लंबरला घेऊन गेलो आणि स्वतःच्या घराची बेल वाजवली. बेल मीच बसवली होती, तिचा आवाज बाहेरून कधी ऐकला नव्हता.

त्या जोडप्यातल्या मुलीने दार उघडलं. "या ना काका. बसा, चहा टाकते."

मी माझ्याच सोफ्यावर पाहुण्यासारखा टोकाला बसलो. त्यांनी दिवाण खिडकीपाशी नेला होता आणि खोली एकदम मोठी दिसत होती. इतकी वर्षं आम्हाला ते सुचलं नव्हतं. चहा चांगला होता, दुधाचा, दाट. आमच्याकडे तेव्हा दूध निम्म्यावर आणलं होतं. प्लंबरने जे सांगितलं त्यात माझा त्या महिन्याचा बसचा आणि जेवणाचा सगळा खर्च गेला. घरी जाऊन मी बायकोला फक्त आकडा सांगितला. चहाचं आणि दिवाणाचं सांगितलं नाही.

दुसऱ्या वर्षी बायकोला खोकला लागला. कारखान्यातून कापसाचे बारीक तंतू उडतात, ते जिन्यातून वर यायचे. सकाळी चादरीवर, ताटांवर पांढरी साय धरल्यासारखी दिसायची. आम्ही पुसत राहायचो. तिचा खोकला आधी सर्दीचा वाटला, मग तो जाईना. वर्गात गाणं म्हणताना तिला धाप लागायला लागली. मी डॉक्टरकडे चल म्हटलं की ती म्हणायची, "पुढच्या महिन्यात." पुढचा महिना आला की पुन्हा पुढचा.

एका संध्याकाळी मी तिच्यावर आवाज चढवला. "मरायचंय का तुला? हप्ता चुकला तर चुकू दे एक!"

ती तेवढ्याच जोरात ओरडली. "एक चुकवला की दुसरा चुकतो! तुला माहीत नाही? तुला चांगलं माहीत आहे!"

मुलगी मध्येच उठली आणि जिन्यात जाऊन बसली. तेव्हाच मला पहिल्यांदा वाटलं की सगळं सोडून द्यावं. बँकेला काय करायचं ते करू दे. फ्लॅट विकून टाकावा, मोकळं व्हावं. इतक्या दिवसांत मला राग आला होता, लाज वाटली होती, पण हार मानावीशी वाटली नव्हती. मी भिंतीला टेकून बसून राहिलो आणि बायको खोकत राहिली.

खाला शेजारच्याच खोलीत राहायच्या. भिंती असल्या नसल्या सारख्याच, त्यांना सगळं ऐकू गेलं असणार. दुसऱ्या दिवशी त्या बुरखा घालून दारात आल्या आणि बायकोला म्हणाल्या, "चल."

"कुठे?"

"दवाखान्यात. माझा गुडगा दाकवायचाय. एकटी जिना उतरू का मी?"

दवाखान्यात त्यांनी गुडघा दाखवलाच नाही. डॉक्टरसमोर बायकोला बसवलं. डॉक्टरांनी छाती तपासली, एक्स-रे काढायला लावला. टीबी नव्हता, घाबरण्यासारखं काही नव्हतं, पण त्या धुळीतून बाहेर पडायला हवं, असं त्यांनी सांगितलं. एक्स-रेचे पैसे खालांनी दिले. बायकोने परत देते म्हटलं तर त्या म्हणाल्या, "दे की. मी कुटं माफ केले?"

मग त्या आम्हाला त्यांच्या खोलीत घेऊन गेल्या. ती गल्लीच्या उलट्या बाजूला, मागच्या अंगाला होती. खाली कारखान्याचं शेड तिथवर येत नव्हतं. मागे एक शेवग्याचं झाड आणि कुणाच्या तरी पाण्याच्या टाक्या. जिन्यातली धूळ तिथे पोचत नव्हती, मागांचा आवाजही बराच दबून यायचा.

"तुमी हिकडं या," खाला म्हणाल्या. "मी तिकडं जाते."

"आणि तुम्हाला धूळ नाही का?" मी विचारलं.

"माझा जलम गेला त्यात. नवरा गेल्यावर पोरांनी मला हिकडं मागं आनून टाकला, म्हातारीला शांत झोप लागंल म्हनून. मला मागाच्या आवाजाबिगर झोप येत न्हाय. किती सालं झाली, नीट झोपले न्हाय मी."

खरं होतं की आमच्यासाठी म्हणाल्या, मला आजही सांगता येणार नाही. पण खोल्या बदलल्यावर त्या खरंच सकाळी उशिरापर्यंत झोपायला लागल्या. पाण्याच्या वेळी बायकोला त्यांचं दार वाजवावं लागायचं. मग तीच त्यांचं पाणी भरून ठेवायला लागली. भाडं मात्र खालांनी एका रुपयानेही कमी केलं नाही, आणि आम्हीही मागितलं नाही.

खोकला हळूहळू बसला. बाकी काही बदललं नाही. खाली मागांची तीच डबल शिफ्ट, नाक्यापासून तेच चालणं, तीच अंडी. मुलगी बारावी पास झाली. मार्क बरे पडले, फार नाही. तिने ज्या कॉलेजात जायचं म्हटलं होतं त्याची फी परवडणारी नव्हती. "इथल्याच कॉलेजात जाते," ती स्वतःच म्हणाली, आणि ते इतक्या सहज म्हणाली की मला ते जास्त लागलं.

शेवटचा हप्ता गेला त्या दिवशी मी गोडाऊनमध्ये एका ट्रकचा माल मोजून घेत होतो. मोबाइलवर मेसेज आला. मी तो वाचला, मोबाइल खिशात टाकला आणि परत मोजायला लागलो, कारण ड्रायव्हर घाई करत होता. कर्ज फिटल्याचं पत्र आणायला बँकेत गेलो तेव्हा काउंटरवरच्या मुलाने ते छापून दिलं आणि हसून म्हणाला, "सर, तुमचा रेकॉर्ड आता क्लिअर झालाय. नवीन कार्डाची ऑफर दिसतेय तुमच्यासाठी. करू का प्रोसेस?" मी नको म्हटलं. तो पुन्हा म्हणाला, "पहिलं वर्ष फ्री आहे." मी पुन्हा नको म्हटलं आणि बाहेर पडलो. रागसुद्धा आला नाही. भूक लागली होती.

आता घरी परत जायचं होतं. मी भाडेकऱ्यांना सांगायला गेलो, तर त्या जोडप्यातली मुलगी नुकतीच बाळंत झाली होती. तिची आई आली होती, घरभर शेक-शेगडी आणि दुपट्यांचा वास. तिचा नवरा मला गॅलरीत घेऊन गेला. "काका, कराराप्रमाणे तुमचा हक्क आहे. पण थोडे महिने मिळाले तर... बाळ जरा मोठं होऊ द्या."

मी त्याला बघतो म्हटलं. मनात नाही म्हणायचं ठरलेलं होतं. मी घरी येऊन बायकोला सांगितलं आणि वाट पाहिली की तीही तेच म्हणेल. ती पोळ्या लाटत होती. तिने हातातली पोळी लाटून पूर्ण केली.

"राहू देत," ती म्हणाली. "बाळंतिणीला घेऊन ते हातगाडीमागे चालणार का?"

"आणि आपण?"

"आपण काय. आपल्याला सवय झालीय."

त्या वाढीव महिन्यांचं भाडं पहिल्यांदा आमच्या हातात आलं. त्यातून गहाण पडलेल्या सोन्यातल्या दोन बांगड्या सुटल्या, आणि खालांचे एक्स-रेचे पैसे दिले. त्यांनी ते मोजून घेतले आणि कमरेच्या बटव्यात ठेवले.

थंडी संपता-संपता आम्ही परत आलो. भाडेकरूंनी जाताना घर झाडून-पुसून दिलं होतं. भिंतीला खिळ्यांची भोकं होती, ओट्याची एक फरशी तडकली होती. दिवाण खिडकीपाशीच होता. मी तो जुन्या जागी सरकवायला गेलो तर मुलगी म्हणाली, "राहू दे ना बाबा, बरा दिसतोय."

बोचकी दारातच पडली होती. बायको त्यातल्याच एका गादीवर बसली, मग आडवी झाली. मी म्हटलं, निदान भांडी तरी लावू. तिने डोळे मिटूनच हात हलवला.

"आज काही लावू नकोस. उद्याही नको. मला फक्त पडू दे."

मुलीने बोचक्यातून कुकर शोधून काढला आणि मुगाच्या डाळीची खिचडी टाकली. ती शिजेपर्यंत बायको गाढ झोपली होती. आम्ही तिला उठवलं नाही. दोघांनी ओट्याशी उभ्याउभ्याच खाल्लं आणि तिच्यासाठी झाकून ठेवलं.