मारीचा भात

माझा मुलगा न्यू ऑर्लीन्सला वारला. त्यानंतर पहिल्यांदाच त्याची बायको मारी आमच्या रत्नागिरीच्या घरी आली. काल सकाळी म्हणाली, "आई, आज भात मी करते." मराठी तिला त्यानंच शिकवलेली.

जांबालाया हा तिच्या माहेरचा, क्रिओल लोकांचा भात. कांदा, टोमॅटो, भोपळी मिरची परतून तिनं कोळंबी आणि तांदूळ घातले. मग माझ्या बरणीतली आमसुलं काढून पातेल्यात टाकली.

"तुमच्याकडे आमसूल घालतात?" मी विचारलं.

"नाही. तो घालायचा. माझ्या आईला आधी आवडायचं नाही. आता तीही घालते."

परदेशी गेलेलं लेकरू तिकडचंच होऊन जातं, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. आणि तिकडे, मी कधी न पाहिलेली एक बाई माझ्या लेकाच्या चवीनं भात रांधते आहे. माणूस कुणाकुणाच्या घरात उरतं, ते मागे राहिलेल्यांना कुठं ठाऊक असतं?

भात मुरल्यावर आम्ही दोघी जेवायला बसलो. मारी माझ्या तोंडाकडे बघत होती. पहिला घास खाऊन मी ताटात आणखी भात वाढून घेतला.

"उद्या मला शिकव," मी म्हणाले.